एका खांद्याचा भूकंप

निशिकांत शेलारच्या घरात फ्रीज भिंतीला बांधलेला आहे. टीव्ही बांधलेला आहे. पुस्तकांचं कपाट दोन लोखंडी पट्ट्यांनी जखडलेलं आहे, आणि देवघरातला बाळकृष्ण पाटाला मेणाने चिकटवलेला आहे. त्याची बायको रत्ना म्हणते, "या घरात मोकळी फक्त मी. तेही यांच्या लक्षात आलेलं नाही म्हणून."

सिंगापुरातल्या चोआ चू कांग वस्तीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने एवढी बांधाबांध का करावी, हे शेजाऱ्यांना कळत नाही. सिंगापुरात जमीन हलत नाही. इथे परवानगीवाचून झाडाची फांदी तोडता येत नाही, तिथे जमीन कुणाला विचारून हलणार?

पण निशिकांतचा जन्म कोयनेच्या खोऱ्यातला, धरणापासून दोन डोंगर अलीकडच्या वाडीतला. तिथे धरणीकंप म्हणजे नात्यातला पाव्हणा. कधी टपकेल सांगता यायचं नाही, पण आला म्हणून कुणी बोंब मारत नसे. भांडी खणखणली की बाया तव्यावरून नजर न काढता म्हणायच्या, "आला गं," आणि भाकरी उलटायच्या. शाळेत गुरुजी फळ्यावरचा हात थांबवायचे, पत्र्यांचा आवाज निवला की अर्धं राहिलेलं अक्षर पुरं करायचे. निशिकांतचे वडील सुतार. त्यांच्या हातची फळी पंचक्रोशीत ओळखू यायची, कारण प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला ते बोटभर उंचीची पट्टी मारायचे. बरणी सरकली तर पट्टीला अडायची. "जमीन आपल्या हातात नाही," ते म्हणायचे, "बरणी आहे."

पुढे पोरगं बोटीवर गेलं. फिटर म्हणून चढलं आणि परीक्षा देत देत सेकंड इंजिनिअर झालं. समुद्रावर तर जमीनच नाही, सगळाच धरणीकंप. बंदर सोडण्याआधी निशिकांत तासभर इंजिनरूममधून फिरायचा आणि दिसेल त्या वस्तूला खांदा लावायचा. तेलाचे ड्रम, पंप, सुट्या भागांची कपाटं, आणि एकदा अंधारात चीफ इंजिनिअर. जे हललं ते बांधायचं. चीफला तेवढं सोडलं.

एक्कावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. बोटीवर चढायच्या दाखल्यावर डॉक्टरने सही केली नाही आणि निशिकांत कायमचा किनाऱ्याला लागला. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि एका सल्लागार कंपनीत तपासनीस आहे. कंपनीचं काम मोठं गमतीचं. जे या बेटावर होत नाही, ते झालं तर काय होईल, हे ती लिहून देते.

अगदीच होत नाही असंही नाही. समुद्रापलीकडे सुमात्रा आहे. तिथली जमीन खवळली की तिचा हेलकावा खडकाखालून चारशे-पाचशे किलोमीटर चालत येतो. दमून येतो, पण येतो. इथल्या मऊ मातीत शिरला की दह्याच्या भांड्याला कोपर लागावं तशी ती थरथरते. उंच इमारतीतले लोक टांगलेला दिवा झुलताना बघतात, चपला घालून खाली येतात, फोनवर व्हिडिओ टाकतात आणि चहा गार व्हायच्या आत वर जातात. पण इमारत उभी राहिली म्हणून आतली वीज, पाणी, लिफ्ट जागेवर राहील असं नाही. घर शाबूत आणि नळ कोरडा, असंही होऊ शकतं. ते बघणं कंपनीचं काम.

कंपनीत निशिकांतचा वरिष्ठ प्रबोध. चौतीस वर्षांचा, पुण्याचा, भूकंपावर डॉक्टरेट केलेला आणि आयुष्यात एकही भूकंप न अनुभवलेला. ऑफिसात तो "निशिकांत" म्हणायचा आणि महाराष्ट्र मंडळात "शेलारकाका". प्रबोधजवळ एक तक्ता होता, पंचवीस चौकोनांचा. घडण्याची शक्यता एका बाजूला, नुकसान दुसऱ्या बाजूला, आणि मधे हिरवे, पिवळे, लाल चौकोन. आढीतले आंबे असावेत तसे. फक्त प्रबोधच्या आढीत आंबा कधी पिकायचा नाही. सगळे हिरवे.

"शक्यता अत्यल्प," तो म्हणायचा. "अत्यल्प गुणिले काहीही, हिरवंच."

"साहेब, तुम्ही कधी खांदा लावून बघितलात?"

"निशिकांत, आपण डोळ्यांनी तपासणी करतो. करारात तसं लिहिलंय. हात लावायचा नाही."

"हात नाही लावत मी," निशिकांत म्हणायचा. खोटं नव्हतं ते. तो खांदा लावायचा.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी दोघं बुकित बातोकला गेले. एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर डायलिसिस केंद्र होतं. चालवणाऱ्या संस्थेची अशी सात केंद्रं, त्यातली दोन पूर्वेकडे समुद्रात भराव घातलेल्या जमिनीवर. सातही केंद्रांत सामान एकाच पुरवठादाराचं, म्हणून नमुन्याला एकच केंद्र बघायचं आणि तोच रंग सातांना लावायचा, असं ठरलेलं.

आत सोळा खुर्च्या. चार नंबरच्या खुर्चीत बाबाजी. हा देवगडचा म्हातारा, एकाहत्तर वर्षांचा. बोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि निशिकांतबरोबर दोन बोटींवर राबलेला. आता लेक-जावयाकडे राहायचा आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार या खुर्चीत चार चार तास बसायचा. दोन नळ्या दंडाला लावलेल्या, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत.

"ओ सेकंडसाब!" तो ओरडला. "तुम्ही इथे? कुणाला बांधायला आलात?"

"तपासणी आहे, बाबाजीकाका. भूकंपाची."

"भूकंप? इथे? शिरा पडो, इथे साधी शिंक आली तरी नर्स फॉर्म भरून घेते!"

सिस्टर रोहाना, मुख्य परिचारिका, हसली. मराठी तिला कळत नव्हतं, पण बाबाजीचा सूर तिला दोन वर्षांत पाठ झालेला.

मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि शेजारी बॅटऱ्यांचं कपाट. पुरुषभर उंच, करड्या रंगाचं. वीज गेली तर इमारतीचा जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटं याने सांभाळायची. सोळा खुर्च्यांची आणि पाण्याच्या यंत्राची वीज याच्यातूनच जायची. प्रबोधने फोटो काढला. वजन चारशे वीस किलो, असं पाटीवर होतं.

"चारशे वीस किलो," तो समाधानाने म्हणाला. "शिवाय बुकित बातोकच्या खाली ग्रॅनाइट. हिरवं."

त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. निशिकांत कपाटासमोर उभा राहिला. चांगलं दिसत होतं. फार चांगलं दिसत होतं. खाली चारी बाजूंनी स्वच्छ पांढरी पट्टी, त्यामुळे ते कशावर उभं आहे ते दिसत नव्हतं. पस्तीस वर्षांची सवय. त्याने पाय रोवले आणि खांदा लावला.

चारशे वीस किलोचं कपाट लोण्यातून सुरी जावी तसं दीड हात सरकलं.

मागची केबल ताणली गेली आणि सटकली. मग सोळा मशीन एकदम किंचाळायला लागली. पाण्याच्या यंत्राचा घरघराट घशात अडकल्यासारखा थांबला. निशिकांतने बाहेर धाव घेतली तर नर्सा खुर्च्यांमधून सराईतपणे फिरत होत्या. मशीनच्या पोटात रक्त फिरतं ठेवण्यापुरती छोटी बॅटरी असते, त्यावर पंधरा मशीन चालू होती. एक नव्हतं. चार नंबरचं. त्याची आतली बॅटरी म्हातारी झालेली. सिस्टर रोहानाने मशीनच्या बाजूचा छोटा दांडा उघडला आणि हाताने रक्ताचा पंप फिरवायला सुरुवात केली, विहिरीवर रहाट ओढावा तशी.

बाबाजी पांढरा पडला होता. तरी म्हणाला, "सेकंडसाब, तुम्ही उशिरा आलात. भूकंप होऊन गेला."

निशिकांत उलटा पळाला. कपाट ओढलं, केबल बसवली, खटका वर केला. सगळं मिळून सहा मिनिटं. कुणाला काही झालं नाही. पण सिंगापुरात कुणाला काही झालं नाही, याचेही चार फॉर्म असतात.

संध्याकाळी प्रबोध चोआ चू कांगला आला. चपला दाराबाहेर काढल्या, सोफ्याच्या कडेवर बसला आणि रत्नाने दिलेला चहा हातात तसाच धरून ठेवला.

"शेलारकाका," तो म्हणाला. ऑफिसचं बोलायला काका म्हटलं, तेव्हाच निशिकांत समजला. "गुरुवारी त्यांच्याकडे चौकशी आहे. मी वाक्य लिहून आणलंय. 'तपासणीवेळी कपाट समाधानकारक स्थितीत आढळले. तपासनीसाच्या अवाजवी बळप्रयोगामुळे ते सरकले.' तुम्ही सही करायची, सॉरी म्हणायचं. तुमची नोकरी राहील, आमचा करार राहील."

"आणि कपाट?"

"कपाट हिरवं."

"साहेब, ते समाधानकारक असतं तर माझा खांदा मोडला असता. कपाट हललं नसतं."

"काका, सही नाही केलीत तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण घेणार आहे तुम्हाला?" तो खरंच कळवळून बोलत होता. चहा न पिताच गेला.

मुलगी अश्लेषा पॉलिटेक्निकला. ती खोलीतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, यू कॅनॉट एनीहाऊ पुश पीपल्स थिंग्ज, लाह. इट्स अ डायलिसिस सेंटर!"

"तुझं खरं आहे," निशिकांत म्हणाला. "विचारायला हवं होतं."

"मग सही करा की," रत्ना म्हणाली. मग थोड्या वेळाने, ओट्याकडे तोंड करून, "बाबाजीकाका कसे आहेत?"

ते निशिकांतने अजून विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, बाबाजीला भेटला. म्हातारा बिनसाखरेच्या कॉफीपुढे बसला होता. पाणीसुद्धा मोजून प्यायचं असल्याने तो कॉफी पीत कमी आणि बघत जास्त होता.

"माफ करा काका. चुकलंच माझं."

"चुकलंच," बाबाजी म्हणाला. या वेळी त्याने सेकंडसाब म्हटलं नाही. "तुला गंमत वाटली असेल. मी पण जोक मारला. जोक मारला, कारण नाहीतर मुतलो असतो. वादळात मास्टवर चढलोय मी, पण तेव्हा माझं रक्त माझ्या अंगात होतं. काल ते नळीत होतं आणि नळी उभी राहिलेली. ती पोर हाताने फिरवत होती. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो. दमली तर?"

निशिकांतने प्रबोधच्या कागदाचं आणि सहीचं सांगितलं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी नूडल्स जोरात ओढत होतं.

"वाकडं कुठे आहे सांगू?" बाबाजी पुढे वाकला. "तू ढकललंस, तू परत ओढलंस. जमीन हलली तर ती परत ठेवायला थांबत नाही. त्या वेळी सोळा मशीन ओरडतील, आणि मागच्या खोलीत कोण जाणार? त्या सहीचं काय ते तू बघ. मला उद्या परत त्याच खुर्चीत बसायचंय."

गुरुवारी सकाळी मागच्या खोलीत चौकशी बसली. संस्थेचे व्यवस्थापक मिस्टर टिओ, गुणवत्ता बघणाऱ्या मॅडम कोह, सिस्टर रोहाना, प्रबोध आणि निशिकांत. खोली एवढीशी की कपाट धरून सहाजण गर्दी करून उभे होते. मॅडम कोह चणीने बारीक, पण त्यांच्या हातातलं पॅड बघून मिस्टर टिओसुद्धा पोट आत घेत होते.

"परवानगी घेतली होती?" मॅडम कोहनी विचारलं.

"नाही," निशिकांत म्हणाला.

"पेशंट जोडलेले होते, ठाऊक होतं?"

"होतं. चूक माझी. तिची शिक्षा द्या. मी लिहून देतो."

प्रबोधने सुटकेचा श्वास टाकला आणि कागद पुढे केला. निशिकांतने चष्मा लावला, वाचलं, पेन घेतलं आणि पहिल्या वाक्यावर सरळ रेघ मारली. दुसऱ्यातला 'अवाजवी' हा शब्द खोडला. खाली लिहिलं, 'कपाट जमिनीला बांधलेले नाही. एका माणसाने सरकते. लाल.' आणि सही केली.

"निशिकांत!" प्रबोध मराठीत पुटपुटला, "काय करताय? संपलं सगळं!"

"संपू दे."

मिस्टर टिओ तापले. "लाल? सातही केंद्रं लाल? इथे ग्रॅनाइट आहे, तुमच्याच माणसाने सांगितलंय!"

"कपाट ग्रॅनाइटवर उभं नाही, सर. आणि पूर्वेकडच्या दोन केंद्रांखाली ग्रॅनाइटही नाही."

"चारशे वीस किलो आहे ते!" प्रबोधने स्वतःला सावरलं आणि तो इंग्रजीत आकड्यांवर आला. त्याने घर्षणाचं गणित मांडलं. सुमात्राचा मोठ्यात मोठा हेलकावा घेतला तरी असं कपाट जागचं हलणार नाही, आणि सामान्य माणसाने तर नाहीच नाही. आपल्या सहकाऱ्याने विलक्षण जोर लावला असला पाहिजे, ते पूर्वी जहाजावर होते. गणित सुंदर होतं. मॅडम कोह मान डोलावत लिहून घेत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. गेक आंटी आली. केंद्राची सफाई करणारी, सत्तरीची, मनगटावर रबरी बांगडी, हातात मॉप, पायात निळे गमबूट. रोज दहाला ही खोली पुसायची, तिचा नेम. व्यवस्थापक असोत नाहीतर मंत्री, दहा म्हणजे दहा.

"एक्स्क्यूज, आह," ती म्हणाली.

सगळे भिंतीला चिकटले. आंटीने कपाटापाशी जाऊन खालची पांढरी पट्टी पायाने उचकटली. आत चार काळी चाकं होती. तिने मॉप डाव्या हातात घेतला, उजवा कुल्ला कपाटाला टेकवला आणि म्हशीला गोठ्यात बाजूला सारावं तसं ते चारशे वीस किलो बाजूला सारलं. मागची फरशी पुसली. पुन्हा कुल्ला लावला, कपाट जागेवर.

प्रबोध चाकांकडे बघत होता. त्याच्या गणितात चाकं नव्हती.

"आंटी," मॅडम कोहनी हळूच विचारलं, "तुम्ही हे रोज करता?"

"रोज! नाहीतर मागे धूळ, लाह." आंटीने जमिनीवरच्या लाल चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. "इथपर्यंतच ढकलायचं. पुढे वायर ताणते. मी पट्टी लावलीय. पाच वर्षं झाली." मग निशिकांतकडे बघून, "हा माणूस पट्टी बघत नाही. आंधळा."

सिस्टर रोहानाने तोंडावर हात घेतला. मिस्टर टिओंनी तेवढ्यात घड्याळात बघितलं. मॅडम कोहनी पॅडवरचं सगळं पान खोडलं आणि नवं पान सुरू केलं. त्या पानावर बराच वेळ फक्त चाकांचं चित्र होतं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. सातही केंद्रं लाल. कपाटांची चाकं काढून ती जमिनीला बोल्ट मारून बसवायची, आणि सगळ्या मशीनच्या आतल्या बॅटऱ्या बदलायच्या. निशिकांतची नोकरी राहिली, पण विनापरवानगी बळ वापरल्याबद्दल ताकीदपत्र मिळालं आणि सहा महिने कुठल्याही उपकरणापासून एक मीटर लांब राहायचा हुकूम झाला. ताकीदपत्र देताना प्रबोधने मान खाली घातली होती. त्यानंतर कपाट दिसलं की तो आधी गुडघ्यावर बसून खाली बघायला लागला. गणित नंतर.

बोल्ट मारले त्या दिवशी बाबाजी खुर्चीत बसून ड्रिलच्या आवाजाला शिव्या देत होता. शिव्या जुन्या, खास बोटीवरच्या होत्या, आणि प्रत्येक बोल्टमागे एक अशा मोजून आठ.

पण खरी चिडली ती गेक आंटी. कपाट आता भिंतीपासून वीतभर अंतरावर कायमचं उभं राहिलं. मॉप आत जात नव्हता. गेली तीन वर्षं हे केंद्र सातांत सगळ्यात स्वच्छ म्हणून निवडलं जात होतं आणि त्याचा कागद आंटीने पाण्याच्या यंत्रावर चिकटवला होता. पुढच्या शनिवारी निशिकांत बाबाजीला न्यायला आला, तेव्हा तिने त्याला दारातच गाठलं.

"तू बसवलंस?"

"मी सांगितलं, आंटी. बसवलं दुसऱ्यांनी."

"तू सांगितलंस, तू पुसायचं."

"मला उपकरणापासून एक मीटर लांब राहायला सांगितलंय."

"हात लांब कर," आंटी म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी निशिकांत शेलार, मर्चंट नेव्हीतला माजी सेकंड इंजिनिअर, बुकित बातोकच्या त्या मागच्या खोलीत जातो. आधी भेट देणाऱ्यांच्या वहीत नाव लिहितो, कारणाच्या रकान्यात 'धूळ' असं लिहितो. बांबूच्या काठीला फडकं गुंडाळून फरशीवर आडवा होतो, कारण गुडघे वाकत नाहीत, आणि कपाटामागच्या फटीत काठी घालून घासत राहतो. बाहेर सोळा मशीन संथ चालू असतात. चार नंबरवरून आवाज येतो, "सेकंडसाब, झालं का?"

गेक आंटी फटीत बोट घालते, बाहेर काढते, उजेडात धरून बघते.

"अजून आहे," ती म्हणते.